पुण्यात ट्रेनी म्हणून लागताना: हातात नेमके किती येतात?

शेवटच्या वर्षाला सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘पॅकेज किती?’ माझं म्हणणं, त्याच्या आधी विचारा की कंपनी तुम्हाला घेतेय ते कोण म्हणून. चाकणला एकाच प्रॉडक्शन लाइनवर, एकच डिग्री घेतलेली तीन मुलं शेजारी शेजारी काम करतात आणि महिनाअखेरीस तिघांच्या खात्यात तीन वेगळे आकडे पडतात. एक अप्रेंटिस, एक कंपनीचा ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणजे जीईटी, आणि एक कंत्राटदारामार्फत आलेला. मी मेकॅनिकल करून जीईटी म्हणून लागले आणि आता नव्या बॅचच्या मुलाखती घेते. हा फरक बहुतेकांना रुजू झाल्यावरच कळतो, याचं मला फार वाईट वाटतं.

अप्रेंटिस हा १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली येतो. त्याला पगार नसतो, स्टायपेंड असतो. २०१९च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये ठरले होते. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने ५,००० ते ९,००० ही पट्टी ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली, त्यामुळे लागताना त्या वेळचा किमान आकडा नॅट्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या, पोर्टलवर बघून घ्या. चाकण-रांजणगावच्या बऱ्याच कंपन्या यापेक्षा जास्त देतात, कारण ९,००० रुपयांत इथे मुलं टिकत नाहीत. पीएफ कापला जात नाही आणि जमाही होत नाही. वर्ष संपल्यावर तुम्हाला कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं, तसं वेगळं लिहून दिलं असेल तरच ते येतं. तरीही मोठ्या कंपनीत क्वालिटी किंवा टूल रूमला जागा मिळत असेल आणि घरून वर्षभर थोडा हातभार लागणार असेल, तर हे वर्ष घ्यावं. वर्षभर नुसतं पॅकिंगला उभं करणार असतील तर घेऊ नये.

राज्य सरकारची २०२४ पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही याच जातीची. पदवीधराला महिना १०,००० रुपये, थेट बँक खात्यात. अनुभव मिळतो, नोकरीची हमी नाही.

कंत्राटदाराकडून लागलात तर पगार तोच देतो आणि अनुभवाचं पत्रही त्याच्याच नावाचं मिळतं. भोसरी-चाकण भागात ‘रजिस्ट्रेशन’च्या नावाखाली पैसे मागणारे लोक भेटतात. नोकरीसाठी कुणालाही एक रुपयाही देऊ नका.

आता जीईटी. माझ्या पाहण्यात मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडर कंपन्या वर्षाला दोन ते तीन लाख देतात, मोठ्या ऑटो आणि इंजिनिअरिंग कंपन्या साडेचार ते सात. आयटीत टीसीएसच्या फ्रेशर भरतीत निन्जा या साध्या पातळीला ३.३६ लाख आणि डिजिटल या वरच्या पातळीला ७ लाख, हे आकडे हिंजवडीत कुणालाही पाठ असतात. फ्रेशरचा साधा आकडा दहा वर्षांहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आसपासच अडकलाय. भाडी मात्र वाढतच गेली, आणि नव्या मुलांवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

मामेभावाचं ३.६० लाखांचं ऑफर लेटर आम्ही जेवणाच्या टेबलावर उलगडून बसलो होतो. मामा म्हणाले, “म्हणजे महिन्याला तीस हजार.” मी पेन घेतलं. व्हेरिएबल २४,०००, तो वर्षाच्या शेवटी आणि कामगिरीवर. कंपनीचा पीएफचा वाटा २१,६००. ग्रॅच्युइटी साधारण ८,६५०, जी कायम नोकरीत सहसा पाच वर्षं भरल्यावरच हाती लागते. विम्याचे ६,०००. हे सगळं वजा केल्यावर महिन्याला जेमतेम २५,००० उरले. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २३,०००. (महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना प्रोफेशनल टॅक्स माफ आहे.) नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स लागत नाही, ती काळजी या पगाराला नाही. मामा जरा गप्प झाले, पण पीएफचे दोन्ही वाटे मिळून महिन्याला ३,६०० रुपये मुलाच्याच नावावर जमा होतात, त्यातला काही भाग पेन्शन योजनेत, हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं.

या २३,००० मध्ये वाकड-हिंजवडीला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेला, सात-आठ हजार आणि मेसला तीन-साडेतीन हजार जातात. म्हणून एचआरला कंपनी बस आणि कँटीनचं आधी विचारा. निगडीहून चाकणला रोज स्वतःच्या गाडीने जाणं आणि कंपनीच्या बसने जाणं यात महिन्याला दोन-तीन हजारांचा फरक पडतो, शिवाय त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये जीव मेटाकुटीला येतो तो वेगळाच. डिपॉझिट आणि पहिला महिना धरून घरून थोडी रक्कम आणून ठेवा. महिन्याच्या वीस तारखेनंतर रुजू झालात तर पहिला पगार बऱ्याच ठिकाणी पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर येतो.

बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरायची अट, असेल तर सही करण्याआधी रक्कम आणि मुदत शांतपणे वाचा. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ असं सीनियर सांगतील, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांची अट वैध ठरवली. मूळ कागदपत्रं मागितली तर झेरॉक्स द्या, मार्कलिस्ट कुणाकडेही ठेवू नका.

ट्रेनिंगनंतर कन्फर्मेशन कधी, तेव्हा पगार किती वाढतो आणि मागच्या बॅचमधले किती जण कायम झाले, हे मुलाखतीत विचारायला बिचकू नका. आम्ही समोर बसतो तेव्हा असं विचारणारी मुलं आम्हाला आगाऊ वाटत नाहीत. एचआरने नीट उत्तर दिलं नाही, तर गेटवर शिफ्ट सुटताना मागच्या वर्षीच्या ट्रेनीला गाठा, तो खरा आकडा सांगतो.