रगड्यातला वाटाणा आणि नववीचा वर्ग

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा पुस्तकाच्या शेवटाकडे येतो. तोवर स्नेहसंमेलन उरकलेलं असतं, वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते आणि नवीन शिक्षक हा धडा चार तासांत उरकतो. फळ्यावर आईबाबांकडून येणाऱ्या गुणांच्या जोड्या दाखवणारी चौकट काढायची, 3:1 लिहायचं, पुढे जायचं. दहावीला गेल्यावर विज्ञानाच्या भाग 2 ची सुरुवातच 'आनुवंशिकता व उत्क्रांती'ने होते, तेव्हा हीच मुलं कोरी निघतात. लालबाग-परळ भागातल्या मराठी शाळेत मी 14 वर्षं विज्ञान शिकवते आहे. नव्याने रुजू झालेल्यांना माझं पहिलं सांगणं हे की, या धड्याला निदान आठ तास काढून ठेवा. दुसऱ्या कुठल्याही धड्यात मुलं इतकी स्वतःकडे आणि घराकडे बघत नाहीत, म्हणून इथे सांभाळूनही राहावं लागतं.

पहिल्या तासाला आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचं चरित्र सांगत बसू नका. आदल्या रात्री वाण्याकडून पाव किलो पांढरे वाटाणे आणा, तेच ते रगड्यातले. पाव किलो सुके हिरवे वाटाणेही आणा आणि दोन्ही वेगवेगळे भिजत घाला. हिरव्यांच्या पाण्याला गडद रंग सुटला तर ते रंगवलेले आहेत, ते टाकून द्या आणि दुसऱ्या दुकानातून आणा. वर्गात प्रत्येक बाकावर दोन पांढरे, दोन हिरवे ठेवायचे आणि नखाने साल काढायला सांगायची. पांढऱ्याची साल निघाली की आतली दलं चक्क पिवळी दिसतात. हिरव्याची हिरवीच. मेंडेलने अभ्यासलेल्या सात गुणांच्या जोड्यांपैकी ही एक जोडी मुलांच्या हातात असते.

यानंतर एक प्रश्न हमखास येतो: "बाई, बाजारात शेंगा येतात त्यातला मटार तर सगळा हिरवाच असतो, मग पिवळा कुठला?" ही शंका पुस्तक वाचून दूर होत नाही. मटार आपण कोवळा खातो. मेंडेलने रंग पाहिला तो पिकून सुकलेल्या दाण्याचा. एवढं सांगितलं की वर्गातली निम्मी धूसरता जाते.

मग आकडे. 1856 ते 1863 या काळात ब्रनो गावच्या मठातल्या बागेत मेंडेलने सुमारे 28,000 रोपं तपासली. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे आले. दुसऱ्या पिढीत 6,022 पिवळे आणि 2,001 हिरवे. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचे आकडे 5,474 आणि 1,850. हे फळ्यावर लिहून मुलांना भागाकार करू द्या. एकदा 3.01 येतात, एकदा 2.96. "बरोबर तीन का येत नाहीत?" असं कुणीतरी विचारेपर्यंत थांबा. कुणी नाहीच विचारलं तर तुम्ही विचारा. या धड्याचा गाभा या प्रश्नात आहे.

कारण मुलं चौकटीतल्या चार घरांना चार अपत्यं समजतात. तीन उंच झाली की चौथं बुटकंच, असं बिनधास्त लिहितात. पहिली काही वर्षं मी हे तोंडाने समजावत होते आणि उत्तरपत्रिकेत तीच चूक पुन्हा वाचत होते. आता मी राजमा आणि चवळी वापरते. दोन कापडी पिशव्या घ्यायच्या, एक आईची, एक बाबांची. प्रत्येक पिशवीत दहा राजमे आणि दहा चवळ्या. राजमा प्रभावी, म्हणजे जोडीत एक असला तरी त्याचाच गुण दिसतो; चवळी अप्रभावी, तिचा गुण दोन्ही चवळ्या आल्या तरच दिसतो. न बघता दोन्ही पिशव्यांतून एकेक दाणा काढायचा, जोडी वहीत लिहायची आणि दाणे पुन्हा त्याच पिशवीत टाकायचे. हे परत टाकणं मुलं विसरतात, आणि सगळा खेळ तिथेच बिघडतो. दाणा बाहेर राहिला तर पुढच्या बाळाचं नशीब मागच्या बाळावर ठरायला लागतं, आणि खरं तर तसं होत नाही. प्रत्येक वेळी पिशवी पहिल्यासारखीच असते. नाण्यांनीही हे करता येतं, पण साठ मुलांनी नाणी उडवली की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

प्रत्येक गटाने वीस जोड्या काढायच्या. एका गटाला राजमा असलेल्या 18 आणि नुसत्या चवळीच्या 2 जोड्या मिळतात, एकाला 11 आणि 9. ज्यांचं 15 आणि 5 येतं ते खूश होतात, बाकीचे खाडाखोड करून जुळवू बघतात. ती खाडाखोड थांबवा. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडून बेरीज करा. पाचशे-सहाशे जोड्यांवर गुणोत्तर तिनाच्या जवळ येऊन बसतं, आणि मेंडेलला इतके दाणे का मोजावे लागले हे मुलांना आपसूक कळतं.

'प्रभावी' या शब्दाने मात्र फसगत होते. प्रभावी म्हणजे चांगला, ताकदवान, जास्त लोकांत आढळणारा, असं मुलं धरून चालतात. हाताला सहावं बोट असणं बऱ्याच घराण्यांत प्रभावी गुण म्हणून उतरतं, तरी ते विरळच. O रक्तगट अप्रभावी, तरी आपल्याकडे ढिगाने. ही दोन उदाहरणं जोडीनेच द्या.

आता जे मी चुकले ते सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी गृहपाठ दिला, घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहून आणा. दुसऱ्या दिवशी उत्साहाने फळ्यावर तक्ते मांडले. एका मुलीने वाचलं, आई O, बाबा O, मी A. मागच्या बाकावरून एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, असं होऊच शकत नाही." आदल्याच तासाला मी त्याला हे शिकवलं होतं. वर्ग गप्प झाला. ती मुलगी खाली बसली आणि वहीतला तो A अंगठ्याने घासायला लागली. शाई पसरली, पानाला भोक पडलं, तरी ती घासतच होती. मी विषय बदलला. त्या घरात काय होतं, मी कधी विचारलं नाही.

शक्यता किती असतात बघा. शाळेच्या ओळखपत्रावरचा रक्तगट पालक कित्येकदा अंदाजाने लिहून देतात. मूल दत्तक असेल आणि त्याला सांगायची वेळ आईवडिलांनी अजून ठरवलेली नसेल. आणि तिसरी शक्यता तर आमच्या शाळेपासून चालत जाता येईल इतक्या जवळ सापडलेली आहे. 1952 साली परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगटा'ची नोंद केली. A आणि B हे प्रतिजन, म्हणजे रक्तपेशींवरच्या खुणा, H नावाच्या पायावर उभे राहतात. H बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर अंगात A चं जनुक असूनही ते रक्तात दिसत नाही आणि नेहमीच्या तपासणीत गट O येतो. अशा आईने A चं जनुक मुलीला दिलं आणि बाबांकडून चालू H मिळाला, तर O आणि O च्या घरी A गटाची मुलगी जन्मते. भारतात 10,000 लोकांत सुमारे एकाचा गट असा असतो. अशा माणसाला साधं O रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. मी हे पुढच्या तासाला सांगितलं. ती त्या दिवशी गैरहजर होती.

तेव्हापासून मुलांच्या घरची माहिती मी मागत नाही. रक्तगटाचं गणित कल्पित कुटुंबांवर घालते आणि बॉम्बे गट अगोदरच सांगून ठेवते. जीभ गुंडाळता येते का, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, हे खेळही घरी जाऊन तपासायला देऊ नका. जीभ गुंडाळणं एका जनुकावर ठरतं, असं 1940 साली आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी मांडलं होतं. 1952 मध्ये जुळ्यांची पाहणी झाली तेव्हा एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला नाही, असं दिसलं, आणि पुढे स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच ते मत सोडलं. तरी गाइडांतून ते अजून छापलं जातं. एखादं मूल त्यावरून रात्री आईवडिलांकडे संशयाने बघेल, हे मनात ठेवा.

लिंगनिश्चितीचा भाग मात्र अजिबात घाईने घेऊ नका. आईकडून X गुणसूत्रच येतं, बाबांकडून X किंवा Y; Y आलं तर मुलगा. पाच मिनिटांची आकृती. पण दरवर्षी कुणीतरी मुलगी तास संपल्यावर टेबलाशी येते. एकीने विचारलं होतं, "मग आजी आईलाच का बोलते?" मी तिला आकृती पुन्हा काढून दिली आणि सांगितलं की यात आईचा दोष नाही, आणि बाबांचाही नाही. कुठला शुक्राणू पोचेल हे कुणाच्याच हातात नसतं. 'बाबांचाही नाही' हे सांगायला विसरू नका, नाहीतर दोष फक्त एकाकडून उचलून दुसऱ्यावर जातो.

परिवर्तन म्हणजे एकाच जातीतल्या जिवांमधला फरक; त्यासाठी आमच्या मुलांना गाव पुरतं. कोकणातल्या पोरांना विचारा, हापूसची कोय लावली तर हापूस येतो का? निम्मी सांगतात, "नाही बाई, कलमच लागतं." पण यामागचं कारण त्यांना ठाऊक नसतं. कोय तयार होताना परागकण कुठल्या तरी दुसऱ्या झाडाचे आलेले असतात, नवी सरमिसळ झालेली असते, म्हणून झाड वेगळं निघतं. कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, म्हणून फळ तेच. आणि जनुकं तीच असली तरी फरक पडतो, हे दाखवायला शाळेच्या आवारातलं बदामाचं झाड आहेच. उन्हातली आणि सावलीतली पंचवीस-पंचवीस पानं पट्टीने मोजायला लावा.

मागे एका मुलाने चाळीच्या गॅलरीत दुधाच्या पिशवीत हापूसची कोय रुजवली आणि रोप वर्गात आणलं. पानं अजून तांबूस होती. "बाई, हापूस नाही तर मग काय येईल?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. मे महिन्यात तो ते रोप मांडीवर घेऊन एसटीने राजापूरला गेला. अधूनमधून भेटतो तेव्हा मी झाडाची चौकशी करते. अजून मोहर धरलेला नाही.