बीजिंगची लांब पडवी बघताना या चुका टाळा

बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यात तळ्याच्या उत्तर काठाने ७२८ मीटर लांबीची एक पडवी जाते. नावच 'चांगलांग', म्हणजे लांब पडवी. आपल्या वाड्यांसारखीच ती खणांत मोजतात: २७३ खण. बाजू उघड्या, खांब हिरवे आणि तुळयांवर हजारो चित्रं. बहुतेक जण मात्र पलीकडची संगमरवरी नौका गाठायच्या घाईत ती रस्त्यासारखी वापरतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच दिशेने जाणं. आडव्या तुळयांच्या दोन्ही अंगांना चित्रं आहेत, त्यामुळे जाताना जी दिसतात ती येताना दिसत नाहीत. परतीचा रस्ताही पडवीतूनच ठेवा. मान अवघडली तर वाटेतल्या चार अष्टकोनी मंडपांपैकी एकात टेका. हे मंडप चार ऋतूंचे मानतात, पण त्यांचं खरं काम वेगळं आहे: पडवी जिथे वळते किंवा जमीन चढते-उतरते, तो सांधा ते झाकतात. म्हणूनच ती सरळ वाटते.

बाहेरच्या बाजूच्या अर्धगोल चित्रांत आडव्या रेघा दिसल्या की लोकांना वाटतं लाकूड तडकलंय. तसं नाही. एकावर एक बसवलेल्या तीन लाकडांवर मिळून ते एकच चित्र काढलेलं असतं. रेघा म्हणजे त्यांचे सांधे. या आकाराला चिनी कारागीर 'बाओफू' म्हणतात, म्हणजे गाठोड्याचं फडकं. तुळईवर फडकं टाकलंय असं समजून बघा, कडेच्या फिक्या-गडद पट्ट्यांचा अर्थ लागतो.

चित्रांत सलग कथा शोधू नका. फुलं, पक्षी, निसर्गदृश्यं आणि जुन्या कादंबऱ्यांतले प्रसंग सरमिसळ आहेत. ओळखायला सोपं म्हणजे भिक्षू, माकड आणि डुक्करतोंड्या शिष्य. तो भिक्षू म्हणजे आपला शाळेच्या इतिहासातला ह्युएन त्संग! सातव्या शतकात पुलकेशीच्या राज्यात येऊन मराठी मुलखाचं वर्णन करून गेलेला.

'ही १७५०ची चित्रं' असं मात्र सांगत सुटू नका. चिएनलुंग बादशहाने पडवी बांधली ती त्या साली, हे खरं. पण १८६०मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी ती जाळली, १८८०च्या दशकात ती पुन्हा उभी राहिली आणि पुढेही चित्रं वेळोवेळी रंगवली गेली. उघड्यावरचा रंग ऊन-थंडीत टिकणार किती?

या रंगकामाला 'सूजौ शैली' म्हणतात, म्हणून दक्षिणेकडच्या सूजौ शहरातल्या बागांतही अशाच पडव्या शोधायला गेलात तर फसाल. तिथे पांढऱ्या भिंती, करडी कौलं आणि काळपट तपकिरी लाकूड. त्सांगलांग बागेत पडवीच्या मधोमध भिंत आहे, तिला नक्षीदार खिडक्या. एका बाजूने चालताना त्यांतून बागेतली टेकडी दिसते, दुसऱ्या बाजूने बाहेरचं पाणी. तिथे मान वर करायची गरज नाही.