घास अडकतोय आणि आपण पित्ताची गोळी घेतोय: या चुका टाळा

कळव्यात माझं मेडिकल आहे. संध्याकाळी सातनंतर एकेक लोकल येऊन गेली की काउंटरवर गर्दी होते, आणि त्या गर्दीत हमखास ऐकू येतं, "पित्ताची एखादी गोळी द्या हो." छातीत जळजळ, करपट ढेकर, घशाशी आंबट येणं, छातीत दुखणं, घास अडकणं या सगळ्याला आपल्याकडे नावं दोनच: पित्त नाहीतर गॅस. मूळ दुखणं मात्र बऱ्याचदा अन्ननलिकेचं असतं.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास तिच्यातून आपसूक घरंगळत नाही. स्नायू लाटेसारखे आवळत त्याला खाली ढकलतात आणि खालच्या टोकाची झडप नेमक्या वेळी उघडून परत मिटते. ही झडप सैल पडली तर जठरातलं आम्ल वर येतं. ती उघडेनाशीच झाली तर अन्न वर तुंबून राहतं. छातीत जळजळ दोन्हीकडे होऊ शकते, उपचार मात्र उलटे.

घास अडकणं म्हणजे पित्त नव्हे

हे मी माझ्या चुलत्यांमुळे शिकले. तात्या वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, राहायला कोपरखैरण्याला. "पोरी, वाईच पित्ताची गोळी दे गं," म्हणायचे आणि मी द्यायचे. सव्वा वर्ष दिल्या. दोन घास झाले की ते पाण्याचा तांब्या तोंडाला लावत, मध्येच उठून उभे राहत, खांदे मागे घेत, मग घास उतरे. रात्री झोपेत तोंडात न पचलेला भात येई आणि ठसका लागे. त्या खोकल्याला आम्ही वेगळं औषध देत होतो. नऊ किलो वजन उतरलं, तेव्हाही "उन्हातली हमाली आहे" असं आम्हीच एकमेकांना समजावलं.

एक दिवस काकू म्हणाली, "अगं, यांना चहासुद्धा अडकतो."

"आताशा? की पहिल्यापासून?"

"पहिल्यापासूनच. कधी भाकरी अडकते, कधी साधं पाणी."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आधी भाकरी, चपाती, मटण अडकायला लागलं, मग मऊ भात, मग पेज, असा क्रम असेल तर नळी आतून अरुंद होत चालली आहे. आम्लाने झालेले व्रण भरताना ती आवळली असेल किंवा गाठ असेल. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल तर शंका स्नायूंच्या हालचालीवर आणि झडपेवर. डॉक्टरकडे जाताना एवढं जरी नीट सांगितलंत तरी तपासणीची दिशा ठरते.

"एंडोस्कोपी नॉर्मल आली" म्हणून थांबणं

तात्यांची दुर्बीण झाली. कॅन्सर नाही, व्रण नाही. काकूने देवापुढे साखर ठेवली आणि आम्ही पुन्हा गोळ्यांवर आलो. आणखी पाच महिने गेले. मला अजूनही ते पाच महिने बोचतात.

घास अडकत असेल तर पहिली तपासणी एंडोस्कोपीच. गाठ, जखम, आवळलेली जागा तीच दाखवते. पण स्नायू किती जोराने ढकलतात आणि झडप किती सैल होते, हे तिच्यात मोजलं जात नाही. त्यासाठी बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध, पिऊन काढलेले एक्स-रे आणि मॅनोमेट्री लागते. मॅनोमेट्रीत नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे छोटे घोट देतात आणि आतला दाब मोजतात. तात्यांच्या एक्स-रेत बेरियम खाली पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं झालेलं दिसलं. मॅनोमेट्रीने नाव पक्कं झालं: अकॅलेशिया, म्हणजे झडप नीट न उघडण्याचा आजार. वर्षाला लाखात साधारण एकाला होणारा हा आजार, म्हणून चटकन कोणाच्या मनात येत नाही.

यावर आम्लाच्या गोळ्या चालत नाहीत. फुग्याने झडप ताणतात, किंवा तिचे स्नायू कापून सैल करतात. हेलर या जर्मन सर्जनने १९१३ मध्ये ही शस्त्रक्रिया केली, आता ती लॅप्रोस्कोपीने होते. २००८ मध्ये जपानमध्ये तोंडावाटे दुर्बिणीतूनच स्नायू कापण्याची पद्धत माणसावर सुरू झाली, तिला पोएम म्हणतात. तात्यांचं पोएम झालं. झडप सैल केल्यावर आम्ल वर येऊ शकतं, म्हणून त्यांना आता ती जुनी गोळी पुन्हा आहे, पण या वेळी कारण माहीत असून. भाकरी खातात, बसून.

जळजळ टिकून असताना दुर्बीण नॉर्मल आली तरी आम्ल वर येतच नाही असं नसतं. त्यासाठी चोवीस तासांची पीएच तपासणी असते, तिच्यात नळीत आम्ल किती वेळा येतं ते मोजतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या तरुणाचा घास वारंवार अडकत असेल तर अस्तर वरून चांगलं दिसलं तरी बायोप्सी घ्यावी लागते, कारण ॲलर्जीची सूज कधी कधी तिथेच कळते.

तंबाखू आहे, वजन उतरतंय, तरी वाट पाहणं

अन्ननलिका ताणली जाते, म्हणून गाठ बरीच वाढेपर्यंत घास अडकत नाही. अडकायला लागला म्हणजे उशीर आधीच झालेला असू शकतो. आपल्याकडच्या या कॅन्सरमागे तंबाखू, सुपारी आणि दारू हे मोठे दोषी आहेत. मिसरीसुद्धा तंबाखूच. घास अडकणं, गिळताना दुखणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी यातलं काहीही असेल तर माझ्यासारख्या केमिस्टकडे येऊ नका, पोटविकारतज्ज्ञाकडे जा. कॅन्सर निघालाच तर टाटा मेमोरियलचं केंद्र खारघरला आहे, परळ गाठायलाच हवं असं नाही.

गोळी बरोबर, वेळ चुकीची

खरोखर आम्लाचाच त्रास असलेलेही पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल जेवण झाल्यावर घेतात आणि "गुण येत नाही" म्हणतात. ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची, बहुतेकदा सकाळी नाश्त्याआधी. जेवणाने आम्लाचे पंप जागे होतात, तेव्हा औषध रक्तात हजर हवं. डॉक्टर बहुधा आठ आठवड्यांचा कोर्स देतात. तो मनाने मध्येच सोडू नका, आणि मनानेच दोन वर्षं लांबवूही नका.

आपली गाडी खरी अडते जेवणावर. साडेनऊला ठाणे स्टेशन, साडेदहाला ताट, अकराला अंथरूण. झोपण्याआधी तीन तास पोट मोकळं हवं. ऑफिसातच सातला डबा खा आणि घरी आल्यावर थोडंसं काही घ्या, हा उपाय माझ्या कित्येक गिऱ्हाइकांना लागू पडला. उशांची चळत रचू नका, त्याने पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-आठ इंचांचे ठोकळे घाला आणि डाव्या कुशीवर झोपा.

गोळी कोरडी गिळून लगेच आडवं होणंही वाईट. डॉक्सिसायक्लिन, लोहाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, हाडांची आठवड्याची गोळी नळीत चिकटून जखम करतात. पेलाभर पाणी प्या, अर्धा तास ताठ बसा.

छातीत दाब आला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर सोडा-लिंबू करत बसू नका. आधी ईसीजी.

मुलाने बटण सेल गिळला असेल तर दोन तासांतही नळी भाजते, त्यामुळे थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पळा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड कोणाच्या पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, जाताना भाजलेली नळी येताना पुन्हा भाजते. बाटली सोबत घ्या. आत काय होतं हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळेल.