नाकाच्या आकाराचं दुसरं ऑपरेशन: घरी येण्याआधीची तयारी

उशा, सलाईनचा स्प्रे, बर्फ, मऊ भाताची सोय, ओठांना व्हॅसलिन. हे सगळे आणतातच, पुढे चला.

पहिल्या ऑपरेशनचे कागद शोधा. नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, नाकातून काय काढलं, काय बसवलं याची नोंद हवी. नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा, म्हणजे आधार देणारा हाडासारखा पण लवचिक भाग, बहुतेकदा तेव्हाच संपलेली असते, म्हणून आता ती कानातून नाहीतर बरगडीतून घेतात. कुठून घेणार, हे तारीख ठरतानाच विचारा. बरगडी म्हणाले, तर आधी छातीची तयारी.

नाक चोंदतं, पण दुखते ती बरगडी. खोकताना, हसताना, कुशीवरून उठताना. पुढून बटणांचे चार-पाच शर्ट किंवा गाऊन काढून ठेवा. डोक्यातून घालायचं काहीही नको, नाकालाही धक्का बसतो. छातीशी दाबून धरायला एक घट्ट लहान उशी. जमिनीवरची गादी नको, उठताना सगळा ताण छातीवर येतो. रोजचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आणा, आधीच. बादली, सिलिंडर, कडेवरचं मूल, सगळं दुसऱ्याच्या हाती. वेदनाशामक गोळ्यांनी पोट धरतं, तेव्हा इसबगोल डॉक्टरांना विचारून आणा. कुंथलात की पुन्हा बरगडीच, शिवाय नाकातून रक्त.

तंबाखू, सिगारेट, मिश्री, तपकीर किमान चार आठवडे आधी बंद. जुन्या व्रणामुळे नाकाच्या शेंड्याच्या कातडीला रक्त मुळातच कमी पोचतं, निकोटिनने ते आणखी आटतं. ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालू असतील तर सांगा. हृदयासाठीचं ॲस्पिरिन आपल्या मनाने थांबवू नका.

पहिला आठवडा उताणं, डोकं उंच. बर्फ गालांवर, डोळ्यांभोवती, दहा-पंधरा मिनिटं, नाकावर नाही. वाफ घ्यायची नाही, घरचे कितीही मागे लागले तरी: सूज वाढते, रक्त येतं, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. मिरचीची फोडणी घरात बंद, कारण शिंक. आलीच, तर तोंड उघडं आणि उशी बरगडीवर. शिंकरणं दोन-तीन आठवडे मुळीच नाही.

शेंडा पांढरा, निळसर किंवा काळा दिसला तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली तर रात्र असो की पहाट, थेट हॉस्पिटल. कूर्चा काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा झालेली असू शकते. ‘बरगडी दुखतेच’ म्हणून पडून राहू नका.

स्प्लिंट, म्हणजे नाकावरचा आधाराचा कडक साचा, साधारण सातव्या दिवशी निघतो, तोवर कोरडा ठेवा. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, कपाळाला चिकटपट्टीने अडकवा. दुचाकी नको: हेल्मेट नाकाला घासतं, खड्डे बरगडीला. ऊन टाळा, व्यायाम विचारून. सूज दुसऱ्या वेळी हळू उतरते, वर्ष-दीड वर्ष धरा. रोज फोटो काढून काही कळत नाही. ती लहान उशी मात्र महिनाभर हाताशी असू द्या.