अंजनेरीच्या पठारावर मॅक्रो काढताना स्क्रीन दिसत नाही? या चुका टाळा

श्रावण-भाद्रपदात नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर सीतेची आसवं फुलतात. वीतभरही उंची नसलेल्या या फुलाचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठा दिसणारा फोटो, समोरून टिपायचा तर कॅमेरा जमिनीला टेकवावाच लागतो. मग स्क्रीन वर वळवली की तिच्यात फुलाऐवजी ढगच दिसतात. अशा वेळी बहुतेक जण ब्राइटनेस वाढवतात. पहिली चूक तीच.

स्क्रीन सपाट उघडून तिरकं पाहिलं की समोरचं आभाळ तिच्यात उमटतं आणि ते कुठल्याही ब्राइटनेसपेक्षा प्रखर असतं. शिवाय स्क्रीन उजळ केल्यावर फोटोही उजळ वाटतो, आपण एक्स्पोजर (फोटोत येणारा प्रकाश) उतरवतो आणि घरी फाइल काळपट निघते. त्याऐवजी स्क्रीन 45 ते 60 अंशांवर थांबवा आणि तिच्याकडे अगदी सरळ बघा. आता आभाळाच्या जागी तुमचाच शर्ट उमटेल, म्हणून तो गडद रंगाचा हवा. पांढऱ्या टी-शर्टमुळे सगळं चित्र फिकं पडतं. एक्स्पोजर हिस्टोग्रामवरूनच, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावरूनच ठरवा.

तरी ऊन नडत असेल तर काळ्या कार्डशीटचा सात-आठ सेंटिमीटर खोल हूड करून स्क्रीनभोवती रबरबँडने बसवा. इथे हमखास एक घोटाळा होतो: हूड किंवा डोक्यावर घेतलेलं कापड व्ह्यूफाइंडरजवळच्या आय सेन्सरवर येतं, कॅमेऱ्याला वाटतं डोळा लावलाय, आणि स्क्रीन बंद पडते. बॅटरी बदलत बसू नका. मेनूमध्ये डिस्प्ले ‘ऑटो’वरून ‘फक्त मॉनिटर’वर न्या.

फ्लॅश लावून ॲपर्चर एफ/11 आणि शटर 1/160 सेकंद ठेवल्यावर मिररलेस कॅमेऱ्याची स्क्रीन काळोखी होते, कारण ती फ्लॅशविना येणारा फोटो दाखवत असते. ही सोय, म्हणजे एक्स्पोजर सिम्युलेशन, बंद करा. मग मात्र क्लिकच्या आधीचा हिस्टोग्राम खरा मानू नका, काढलेल्या फोटोचा बघा.

फोकससाठी नुसत्या पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 1:1 ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते तेव्हा, एफ/8 वर जेमतेम एक मिलिमीटर भाग स्पष्ट येतो आणि पीकिंगची रंगीत कड त्याहून जाड दिसू शकते. चित्र 5 किंवा 10 पट मोठं करून पाकळीची कड तपासा. चाळिशी लागली असेल तर जवळचा चष्मा खिशात हवाच. पोलराइज्ड गॉगल मात्र काढा, त्यातून काही स्क्रीन ठरावीक कोनात काळ्या दिसतात. भुरभुर सुरू झाली की टच बंद करा, नाहीतर थेंबच फोकस पॉइंट हलवतात.

कॅमेऱ्याचं चित्र फोनवर दाखवणाऱ्या मोबाइल ॲपवर ते किंचित उशिरा येतं. भूछत्रासाठी ते चालतं, वाऱ्यावर डुलणाऱ्या फुलासाठी नाही. गंगापूर धरणाकाठी ऑक्टोबरच्या उन्हात चतुर टिपताना तर फोन तापून त्याची स्क्रीन स्वतःच अंधुक होते. स्क्रीन न वळणारा डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरवर काटकोनी अँगल फाइंडर बसवा. त्यात वरून बघता येतं आणि उन्हाचा प्रश्नच उरत नाही.