व्हीगन अँटी-एजिंग उत्पादनं निवडताना: आधी घटक, मग शिक्का

डबीवर ‘व्हीगन’ लिहिलंय याचा अर्थ एवढाच, की आत प्राण्यांपासून मिळवलेलं काही नाही. ते सुरकुत्यांवर काम करेल की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. साधी पेट्रोलियम जेलीही व्हीगनच असते. म्हणून आधी उपयोगी घटक आणि त्याचं प्रमाण बघा, आणि मग तो कुठून आलाय, कशात मिसळलाय ते तपासा. उलट्या क्रमाने गेलात तर मनाला समाधान मिळतं, त्वचेला काहीच मिळत नाही.

सुरुवात सनस्क्रीनपासून

त्वचा वयाआधी सैल पडते, डागाळते, त्यामागे उन्हाचा वाटा सगळ्यात मोठा. सनस्क्रीन लावायचं नसेल तर महागडं सीरम घेण्यात अर्थ नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ या दोन्ही गोष्टी वेष्टनावर हव्यात. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्वचा भाजण्यापासूनचं संरक्षण सांगतो. खोलवर जाऊन कोलेजनची, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाची, नासधूस करणारे यूव्हीए किरण अडवण्यासाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लागतं. हे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात.

प्रमाणाच्या बाबतीत बहुतेकांचा हात आखडता असतो. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने होते. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा काढा. चेहरा आणि मान मिळून तेवढं लागतं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. काळे डाग ही मुख्य तक्रार असेल, तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या, कारण दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात. व्हीगन घेणाऱ्यांनी कांडीच्या स्वरूपातलं सनस्क्रीन मात्र नीट तपासावं. कांडी घट्ट राहावी म्हणून त्यात बऱ्याचदा मधमाशीचं मेण घालतात.

रात्रीसाठी रेटिनॉल की बाकुचिओल?

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचंच रूप. सौंदर्यप्रसाधनांत वापरलं जाणारं रेटिनॉल सहसा प्रयोगशाळेत बनवलेलं असतं, म्हणून ‘व्हीगन हवंय, तर रेटिनॉल नको’ हा समज चुकीचा आहे. ०.१ ते ०.३ टक्क्यांपासून सुरुवात करा. युरोपीय संघाने तर २०२४ च्या नियमात चेहऱ्याच्या उत्पादनांसाठी ०.३ टक्के हीच कमाल मर्यादा घातली. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वाटाण्याएवढं घ्या, डोळ्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून लावा आणि वरून मॉइश्चरायझर लावा. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री लावा. त्रास नसेल तर एकाआड एक रात्र करा. सालं निघायला लागली की लोक एक तर बाटली फेकून देतात किंवा ‘काम करतंय’ म्हणून आणखी चोपडतात. दोन्ही चूक. आठवडाभर थांबून कमी दिवसांनी पुन्हा सुरू करा. गरोदरपणात किंवा गरोदरपणाची तयारी असेल तर रेटिनॉल पूर्ण बंद.

रेटिनॉल सोसत नसेल तर बाकुचिओल बघा. ते बावचीच्या बियांतून मिळतं. ४४ जणांच्या १२ आठवड्यांच्या एका तुलनेत ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल रोज एकदा यांनी सुरकुत्या व डाग साधारण सारखेच कमी केले. रेटिनॉलवाल्यांना सालं आणि चुरचुर जास्त झाली. अभ्यास लहान आहे, त्यामुळे ‘नैसर्गिक रेटिनॉल’ वगैरे जाहिराती अर्ध्याच ऐका. आणि बावचीचं तेल किंवा पूड म्हणजे बाकुचिओल नव्हे! त्यात सोरॅलेन असतं. ते लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजते, फोड येतात आणि नंतर काळे डाग राहतात. घटकांच्या यादीत ‘बाकुचिओल’ असं स्वतंत्र नाव हवं.

सकाळचं सी जीवनसत्त्व

एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड १० ते २० टक्के असेल आणि पीएच ३.५ च्या खाली असेल तरच ते त्वचेत नीट शिरतं. सोबत ई जीवनसत्त्व आणि फेरुलिक ॲसिड असेल तर उत्तम. हवा आणि प्रकाश लागला की ते खराब होतं, म्हणून पारदर्शक बाटली आणि रुंद तोंडाची डबी टाळा. ताजं सीरम पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असतं. ते गडद नारिंगी-तपकिरी झालं की टाकून द्या. लिंबाचा रस हा त्याला पर्याय नाही. त्याने त्वचा चुरचुरते आणि उन्हात भाजू शकते.

नायसिनमाइड (ब३ जीवनसत्त्वाचं रूप) ४-५ टक्के बहुतेकांना सोसतं आणि व्हीगन मिळणंही सोपं. ‘व्हीगन कोलेजन’वर मात्र पैसे घालवू नका. कोलेजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), आणि त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचेच रेणू सहज आत जातात. प्राण्याचं असो वा प्रयोगशाळेतलं, ते वरच्यावर ओलावा धरतं, बस.

यादी कशी वाचायची

घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. १ टक्क्याखालचे मात्र कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. यादीत फिनॉक्सिइथेनॉल शोधा. हे परिरक्षक सहसा १ टक्क्यापेक्षा जास्त घालत नाहीत, त्यामुळे त्याच्यानंतरचं सगळं १ टक्का किंवा कमी समजा. रेटिनॉल किंवा पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) तिथे असलं तर हरकत नाही, ते कमी प्रमाणातच काम करतात. पण समोर मोठ्या अक्षरात मिरवणारं नायसिनमाइड तिथे सापडलं, तर ते नावापुरतं आहे.

आता प्राणिज घटक. लॅनोलिन लोकरीतून येतं, सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण आणि सीआय ७५४७० म्हणजे किड्यांपासूनचा लाल रंग. गोगलगायीचा स्राव, रेशमाची प्रथिनं आणि रॉयल जेली तर अँटी-एजिंग क्रीममध्ये हमखास भेटतात. हायल्युरॉनिक ॲसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आज ते बहुतांशी जिवाणूंच्या किण्वनातून येतं. स्क्वालेन शार्कच्या यकृतातून येऊ शकतं तसंच ऑलिव्ह किंवा उसातूनही. सगळ्यात फसवं सेरामाइड क्रीम: सेरामाइड (त्वचेतही असणारा स्निग्ध घटक) बहुधा चालतं, पण जोडीचं कोलेस्टेरॉल अनेकदा लोकरीच्या चरबीतून आलेलं असतं. त्याजागी वनस्पतींतून येणारं फायटोस्टेरॉल असेल तर बरं.

निवडलेलं उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस लावून बघा, मगच चेहऱ्यावर. नवीन गोष्टी एका वेळी एकच, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या, आणि पुरळ कशाने आलं तेही कळत नाही. सुरकुत्यांतला फरक १२ आठवड्यांआधी मोजू नका.

शिक्क्यांपैकी लीपिंग बनीचा ससा फक्त प्राण्यांवर चाचणी नाही एवढं सांगतो. अशा क्रीममध्ये लॅनोलिन असू शकतं. १९९० पासूनचं व्हीगन सोसायटीचं सूर्यफूल घटक आणि चाचणी दोन्ही धरतं. शिक्काच नसेल तर कंपनीला नेमकं विचारा: ‘या उत्पादनातलं ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, स्क्वालेन आणि कोलेस्टेरॉल कशापासून बनवलंय?’ ‘आम्ही क्रुएल्टी-फ्री आहोत’ (म्हणजे प्राण्यांवर चाचणी करत नाही) एवढंच उत्तर आलं, तर तोच प्रश्न पुन्हा पाठवा.