कमरेचं पिस्तूल बदलायचं तर

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याविनाही पिस्तूल कपड्यांआड बाळगता येतं. पहिलं घेतलं की वर्षभरात दुसरं येतं, आणि तिसऱ्याला मग निमित्तही लागत नाही. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आली. इथे ह्यूस्टनच्या मित्रमंडळींत मात्र प्रश्न ठरलेला असतो: घरात तीन आहेत, आज कोणतं लावू?

आधी कागदपत्रं. एच-१बी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. आणि न्यूयॉर्कमध्ये राहत असाल, तर परवान्यावर प्रत्येक पिस्तुलाची नोंद लागते. नोंद नसलेलं कमरेला लावून निघालात तर फसलात.

आता तिन्ही पिस्तुलं टेबलावर घ्या. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या कप्प्यात) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. रिकामं आहे याची खात्री झाली, की प्रत्येकाची सेफ्टी, म्हणजे पिस्तूल चालू-बंद करणारी कळ, कुठे आहे आणि कोणत्या दिशेला सरकते ते पाहा. ग्लॉक १९ ला अंगठ्याने सरकवायची सेफ्टी नसतेच. ‘१९११’ या मॉडेलच्या पिस्तुलाची कळ खाली केली की पिस्तूल चालतं. बेरेटा ९२एफएसची कळ स्लाइडवर असते आणि ती खाली केली की पिस्तूल बंद होतं. अंगठा तोच, हालचाल तीच, परिणाम उलटा.

मी रोज ग्लॉक लावतो. एका शनिवारी हौसेने १९११ लावून रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, गेलो. टायमर वाजला, पिस्तूल काढलं, ट्रिगर दाबला, तर काहीच नाही. पुन्हा दाबला. सेफ्टी वरच होती. हे डोक्यात शिरायला दोन सेकंद गेले. शेजारच्या आजोबांनी एकदा बघितलं आणि आपल्या गोळ्या भरत बसले.

तेव्हापासूनचा माझा नियम: अदलाबदल करायची ती एकाच पद्धतीने चालणाऱ्या, पण आकाराने वेगळ्या जोडीत. माझ्याकडे थंडीत ग्लॉक १९, पंधरा गोळ्यांचं. उन्हाळ्यात ग्लॉकचंच ४३एक्स, दहा गोळ्यांचं आणि सडपातळ. १९११ विकलेलं नाही, ते फक्त रेंजवर जातं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर जोडीला घेणारे बरेच आहेत. त्याला सेफ्टीची भानगड नाही, पण ट्रिगर लांब आणि जड, त्यामुळे सराव वेगळा करावा लागतो.

बदल करायचा तो ऋतू पाहून, मूड पाहून नव्हे. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात पातळ टी-शर्टखालून मोठं पिस्तूल दिसतंच. मी वर्षातून दोनदा बदलतो, बस. मधेच गणपतीच्या आरतीसाठी कुर्ता-पायजमा घालायचा असेल, तर पिस्तूल सरळ तिजोरीत. नाडीच्या भरवशावर ते तोलत उभं राहण्यात शहाणपणा नाही. आणि होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय, खिशात टाकायचं तर कधीच नाही.

खरा धोका बदलण्याच्या त्या एका मिनिटात असतो. घरात एकच जागा ठरवा, नळी नेहमी गोळी अडेल अशा एकाच बाजूला, फोन दुसऱ्या खोलीत. शक्यतो पिस्तूल होल्स्टरमधून काढूच नका; होल्स्टरसकट पट्ट्यावरून उतरवा आणि कुलूपबंद ठेवा. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर टेक्ससमध्ये तो गुन्हा आहे. ट्रिगरभोवतीचा भाग पूर्ण झाकणारं कायडेक्सचं (कडक प्लॅस्टिकचं) होल्स्टर प्रत्येक पिस्तुलाला स्वतःचं हवं.

रोज रिकामं करून रोज भरण्यात आणखी एक दुखणं आहे. तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटलं, की पुढची गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते आणि उडवताना दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून पाहा. आखूड दिसलं तर बाजूला काढा.

घरात .३८० आणि ९ एमएम या दोन्ही मापांची काडतुसं असतील तर डबे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. गोळीची जाडी जवळपास सारखीच. पुंगळीची लांबी .३८० ची १७ मिलिमीटर, ९ एमएमची १९. अंधारात बोटांना हा फरक कळत नाही.

बदल केल्यावर पहिल्या आठवड्यात रेंज गाठा. रोज घालता तेच कपडे घालून जा, पन्नास गोळ्या पुरतात. होल्स्टरमधून काढायला तिथे परवानगी नसेल, तर तो सराव घरी रिकाम्या पिस्तुलाने करा. काडतुसं मात्र त्या खोलीत नकोत.

रेंजची पिशवी प्रवासाला कधीच वापरू नका. मुंबईच्या विमानतळावर अस्तरात अडकलेलं एक जिवंत काडतूस सापडलं, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि ते नकळत राहिलं हे कोर्टाला पटेपर्यंत सुट्टी संपून जाते. माझ्या पिशवीला मी लाल नाडी बांधली आहे. ती गराजमधून गाडीत जाते, गाडीतून गराजमध्ये येते. ज्या कपाटात बॅगा असतात, तिथे तिला प्रवेश नाही.